घड्याळाचे कान

घड्याळ बघताना आपण तबकडी बघतो, काटे बघतो, फार तर कंपनीचे नाव वाचतो. डबीला वर दोन आणि खाली दोन असे जे चार छोटे कान असतात, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पट्टा तुटला की आपण कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे जातो. तो घड्याळ उलटे करून एक नजर टाकतो, "अठराचा लागेल" म्हणतो, लटकवलेल्या पट्ट्यांतून एक ओढून काढतो आणि पाच मिनिटांत बसवून देतो. अठरा म्हणजे १८ मिलिमीटर, दोन कानांमधले अंतर. घड्याळ एका देशातले, पट्टा दुसऱ्या देशातला, पिन तिसऱ्याच ठिकाणची, तरी सगळे एकमेकांत बसते. हे अंतर ठरण्याआधी लोक काय करत होते आणि ते ठरण्याची वेळ का आली, हा आजच्या लेखाचा विषय.

मी व्यवसायाने यांत्रिकी अभियंता. मेलबर्नला आलो त्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. यंत्राचे दोन भाग कितीही उत्तम असले तरी यंत्र बिघडते ते बहुधा त्यांच्या जोडाशी. मनगटी घड्याळाचेही तेच आहे. आतले यंत्र शे-दीडशे वर्षांपूर्वीच पुरेसे लहान आणि पुरेसे बिनचूक झाले होते. अडचण होती ती ते हातावर धरून कसे ठेवायचे याची. ही अडचण कशी सुटली ते इथे ऑस्ट्रेलियात फार जवळून दिसते, कारण ज्या युद्धाने घड्याळ खिशातून मनगटावर आणले, त्या युद्धाची आठवण या देशाने अजून ताजी ठेवली आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत होती. त्यातले चार लाखांहून अधिक लोक सैन्यात भरती झाले आणि साठ हजारांहून अधिक परतले नाहीत. इथल्या कुठल्याही खेड्यात जा, मुख्य रस्त्यावर एक दगडी स्मारक आणि त्यावर नावांची यादी असतेच.

पण थोडे मागून सुरुवात करू.

एकोणिसाव्या शतकात पुरुषाचे घड्याळ म्हणजे साखळीचे, खिशातले. आपल्याकडेही जुन्या फोटोंत कोटाच्या खिशातून बाहेर आलेली साखळी दिसते. मनगटावर घड्याळ बांधत त्या बायका, आणि तेही दागिना म्हणून. पुरुषाने मनगटावर घड्याळ बांधणे म्हणजे त्याने बांगडी भरण्यासारखे होते. शिवाय घड्याळजींचे म्हणणे असे की, हात सतत हलतो, धक्के बसतात, घाम लागतो, तिथे घड्याळ टिकायचे नाही. म्हणणे अगदीच चूक नव्हते.

अपवाद सैनिकांचा. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या एका हातात लगाम, दुसऱ्यात शस्त्र किंवा दुर्बीण. त्याने कोटाची बटणे सोडून खिशातले घड्याळ काढायचे केव्हा? १८८५ च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेत इंग्रज अधिकाऱ्यांनी घड्याळे मनगटावर बांधायला सुरुवात केली होती असे सांगतात. १८९३ साली लंडनच्या गार्स्टिन कंपनीने अशा एका पट्ट्याचे पेटंट घेतले. हा पट्टा म्हणजे कातड्याचा रुंद मनगटपट्टा, त्यावर मधोमध कातड्याचीच एक वाटी शिवलेली. त्या वाटीत आपले खिशातले घड्याळ बसवायचे आणि बक्कल आवळायचे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात असे पट्टे बरेच वापरले गेले. ऑस्ट्रेलियातून त्या युद्धाला सुमारे सोळा हजार माणसे गेली होती.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर ही वाटीची युक्ती हुशारीची होती. घड्याळाला हात लावायचा नाही, भोक पाडायचे नाही. पट्टा आणि घड्याळ यांचा एकमेकांशी काही करारच नाही. युद्ध संपले की घड्याळ परत खिशात. पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे वाटी घड्याळाच्या मापाची लागे, त्यामुळे दुसरे घड्याळ त्यात सैल तरी बसे नाही तर जातच नसे. दुसरी अडचण चावीची. खिशातल्या बिनझाकणाच्या घड्याळाची चावी बाराच्या आकड्यावर असते, कारण तिथेच साखळी अडकवायची. असे घड्याळ मनगटावर आणले की चावी पट्ट्याच्या वाटेत येते. झाकणाच्या घड्याळात मात्र चावी तीनच्या आकड्याशी आणि सेकंदाची छोटी तबकडी सहाच्या वर अशी मांडणी असे. मनगटासाठी हीच मांडणी सोयीची ठरली. आपल्या हातावरच्या घड्याळाची चावी आजही तीनपाशी असते, त्याचे मूळ हे.

पुढची पायरी वाटी काढून टाकण्याची. सोनार आणि घड्याळजी यांनी लहान आकाराची घड्याळे घेऊन त्यांच्या गोल डबीला दोन्ही बाजूंना तारेची एकेक कडी डाग देऊन जोडायला सुरुवात केली. आजच्या कानांचे हे पूर्वज. कडी पक्की, न निघणारी. डबी गोल असल्यामुळे कडी फार रुंद करता येत नसे. १२-१३ मिलिमीटरचा अरुंद पट्टा त्यात ओवायचा. काही पट्टे एकसंध असत, एका कडीतून घालून घड्याळाच्या पाठीमागून नेऊन दुसऱ्या कडीतून बाहेर काढायचे. काही दोन तुकड्यांचे असत, ते कडीभोवती दुमडून जागेवरच शिवावे लागत. म्हणजे पट्टा बदलायचा तर चांभार किंवा घड्याळजी हवा. आणि मापाचा कोणालाच पत्ता नाही. ज्याने कडी लावली त्याच्या हाताला जे माप आले ते खरे.

वेगळा विचार पॅरिसमध्ये झाला. तिथे राहणारे ब्राझीलचे वैमानिक सान्तोस-द्युमों यांना विमान चालवताना खिशातले घड्याळ काढणे जमेना, म्हणून लुई कार्तिए या जवाहिऱ्याने १९०४ साली त्यांच्यासाठी मनगटी घड्याळ केले अशी हकीगत आहे. ते घड्याळ १९११ पासून बाजारात मिळू लागले. त्याचे कान मागाहून डाग दिलेले नव्हते, ते डबीचाच भाग होते. घड्याळ मनगटासाठीच आहे, असे त्या डबीकडे पाहूनच कळत होते. पण हे श्रीमंतांचे कौतुक. सामान्य पुरुष अजून साखळीच मिरवत होता. त्याला बदलले ते युद्धाने.

युद्ध आणि घड्याळ यांचा संबंध काय, ते ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या एका प्रसंगातून सांगतो. १९१५ च्या २५ एप्रिलला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजा तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. (त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातून आलेल्या पहाडी तोफखान्याच्या तुकड्याही होत्या, खेचरांवरून तोफा वाहून नेणाऱ्या. हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असते.) ऑगस्टपर्यंत दोन्ही बाजू समोरासमोर खंदकांत अडकून पडल्या. ७ ऑगस्टच्या पहाटे 'द नेक' नावाच्या एका अरुंद धारेवर हल्ला करायचा ठरला. हल्ला करणार लाइट हॉर्सच्या दोन रेजिमेंट, व्हिक्टोरिया राज्यातली आठवी आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातली दहावी. होते घोडदळाचे, पण घोडे मागे इजिप्तमध्ये ठेवून पायी लढणारे. बेत असा की तोफांनी तुर्की खंदकांवर भडिमार करायचा, तो बरोबर साडेचारला थांबवायचा आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेने खंदकातून उडी मारायची. तोफा थांबल्यावर शत्रूला डोके वर काढायला जे काही क्षण लागतील, त्यातच सारा डाव होता.

तोफा थांबल्या ४ वाजून २३ मिनिटांनी.

खंदकातल्या अधिकाऱ्यांच्या घड्याळात अजून सात मिनिटे बाकी होती. सात मिनिटे सगळे शांत. तेवढ्या वेळात तुर्की सैनिक आपापल्या जागी आले, त्यांनी मशीनगन तपासल्या आणि वाट पाहू लागले. साडेचारला पहिली रांग निघाली. प्रत्येक रांगेत सुमारे दीडशे माणसे. आठव्या रेजिमेंटचे प्रमुख कर्नल अलेक्झांडर व्हाइट स्वतः पहिल्या रांगेत होते, ते तिथेच पडले. अर्ध्या मिनिटात ती रांग संपली. दुसरी निघाली, तीही संपली. मग तिसरी, मग चौथीतलीही काही माणसे. एकूण ३७२ माणसे जायबंदी किंवा ठार झाली, त्यांपैकी ठार २३४. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी इतिहासाचे लेखक चार्ल्स बीन १९१९ साली पुन्हा तिथे गेले, तेव्हा तीन टेनिस कोर्टांएवढ्या जागेत त्या माणसांची हाडे तशीच पडलेली त्यांना आढळली.

तोफा सात मिनिटे आधी का थांबल्या यावर इतिहासकारांत अजून वाद आहेत. तोफखान्याची आणि खंदकातली घड्याळे एकमेकांशी जुळवलेली नव्हती, हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध कारण, आणि बीननीही वेळेची चूक ही शक्यता नोंदवली आहे. कोणी इतर कारणेही देतात. पुढच्या रांगा थांबवता आल्या असत्या, त्या न थांबवणाऱ्या अधिकाऱ्यांचा दोष तर घड्याळावर टाकताच येत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. तोफा आणि पायदळ आता एकमेकांना न पाहता, केवळ वेळेच्या भरवशावर लढणार होते. पूर्वी सेनापती टेकडीवरून झेंडा हलवे, तुतारी वाजवी. आता दोन मैल मागे असलेला तोफखाना आणि खंदकातला सुभेदार यांच्यातला दुवा म्हणजे एक घड्याळ. आणि ते खिशात असून चालणार नव्हते. चिखलात, अंधारात, एका हातात शिट्टी आणि दुसऱ्यात पिस्तूल असताना नुसती मान वळवून दिसेल असे ते हवे होते.

१९१६ साली लेक नावाच्या कॅप्टनने आघाडीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. तिच्यातल्या सामानाच्या यादीत पहिली वस्तू आहे ती अंधारात चमकणारे, न फुटणाऱ्या काचेचे मनगटी घड्याळ. पिस्तूल आणि दुर्बीण त्यानंतर.

पुढे तोफखान्याची 'सरकती भिंत' आली. तोफगोळ्यांचा पडदा दर काही मिनिटांनी शंभर यार्ड पुढे सरकायचा आणि पायदळाने त्याच्या मागोमाग चालायचे. लवकर निघालात तर आपल्याच गोळ्यांखाली, उशिरा निघालात तर शत्रू सावध. हे तंत्र ज्यांनी सर्वांत नेमकेपणे वापरले त्यांत जनरल जॉन मोनॅश यांचे नाव घेतात. मला त्यांच्याविषयी जरा जास्त आपुलकी आहे, कारण मोनॅश मूळचे मेलबर्नचे स्थापत्य अभियंता, सळ्या घातलेल्या काँक्रीटचे पूल बांधणारे. ४ जुलै १९१८ रोजी फ्रान्समधल्या हॅमेल गावावरचा हल्ला त्यांनी एखाद्या बांधकामाच्या वेळापत्रकासारखा आखला. रणगाडे, विमाने, तोफा, पायदळ, प्रत्येकाचे मिनिट ठरलेले. अंदाज ९० मिनिटांचा होता, काम ९३ मिनिटांत झाले. अशा हल्ल्याच्या आधी मुख्यालयातले अधिकारी बिनचूक लावलेले घड्याळ घेऊन तुकड्यातुकड्यांतून फिरत आणि प्रत्येकाचे घड्याळ त्याच्याशी जुळवत. नेकपासून तीन वर्षांत झालेला हा फरक.

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक धागा इथे सांगतो. १९१५ साली हिंदुस्थान सरकारच्या विनंतीवरून ऑस्ट्रेलियाने चार वैमानिक अधिकारी आणि ४१ माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पाठवली. मेलबर्नहून निघून मुंबईमार्गे ते बसराला पोहोचले. या तुकडीला 'हाफ फ्लाइट' म्हणतात, आणि ती ज्यांच्यासाठी टेहळणी करत होती ती फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी याच डिव्हिजनमध्ये होत्या आणि पुढे कुतच्या वेढ्यात अडकल्या. वाळवंटावरून उडताना खाली खूण म्हणून काही नसते. वेग गुणिले वेळ एवढाच हिशोब, आणि दोन्ही हात विमान सांभाळण्यात गुंतलेले. चामड्याच्या कोटाच्या आतल्या खिशातले घड्याळ अशा माणसाला नसल्यासारखेच.

युद्ध संपले आणि लाखो माणसे मनगटावर घड्याळ बांधूनच घरी आली. आता त्यांना बांगडी भरली म्हणून हसणार कोण? पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खिशातले घड्याळ म्हाताऱ्यांचे झाले.

पण त्यामुळे एक नवी अडचण उभी राहिली. युद्धात एका माणसाचे घड्याळ एका पट्ट्यावर दोन-तीन वर्षे काढी. शांततेत तेच घड्याळ तीस वर्षे चालणार, आणि कातड्याचा पट्टा घामाने दोन-चार वर्षांत कुजणार. म्हणजे एका घड्याळाच्या आयुष्यात आठ-दहा पट्टे लागणार. प्रत्येक वेळी शिवून घ्यायचा का? यातून डबीच्या अंगचे कान आणि त्यांच्यामधली काढता येणारी पिन आली. ही पिन म्हणजे एक बारीक नळी, तिच्यात स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना आत दबणारे खिळे. दाबली की आखूड होते, सोडली की कानांच्या आतल्या भोकांत जाऊन बसते. जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास, किंमत नगण्य. मला विचाराल तर मनगटी घड्याळातला सर्वांत लोकशाहीवादी भाग हाच. या पिनेमुळे पट्टा बदलणे घड्याळजीच्या हातातून मालकाच्या हातात आले.

मात्र पिन काढता आली तरी रुंदी जुळली पाहिजे. ही रुंदी कुठल्या सरकारने कायदा करून ठरवली नाही. डब्या करणारे आणि पट्टे करणारे एकमेकांकडे पाहत पाहत सम आकड्यांवर स्थिरावले: १६, १८, २०, २२. गंमत म्हणजे आतल्या यंत्राचा व्यास स्विस कारागीर अजूनही जुन्या फ्रेंच मापात, 'लिन्य'मध्ये सांगतात. एक लिन्य म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर. आतले माप आतल्या लोकांचे, ते जुने राहिले तरी चालते. बाहेरच्या जोडाचे माप मात्र सगळ्यांना समजेल असेच लागते.

असे माप आपोआप ठरते असे मात्र समजू नका. ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण घ्या. इथल्या वसाहतींनी आपापले रेल्वेमार्ग टाकले तेव्हा दोन रुळांतले अंतर व्हिक्टोरियाने १६०० मिलिमीटर ठेवले, न्यू साउथ वेल्सने १४३५ आणि क्वीन्सलंडने १०६७. १८८३ साली मेलबर्न आणि सिडनीचे मार्ग सीमेवर ऑल्बरीला भेटले, पण गाडी पुढे जाईना. प्रवाशांनी उतरायचे आणि फलाटापलीकडच्या गाडीत बसायचे. हा प्रकार १९६२ पर्यंत चालू होता. आपल्याकडे मिरज जंक्शन ज्यांनी पूर्वी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेज तिथे एकत्र नांदत होत्या, आणि हमालांची चैन होती. ज्या गोष्टीत सरकारांना ऐंशी वर्षे लागली, ती पट्टेवाल्यांनी गाजावाजा न करता बरीचशी जमवून टाकली.

बरीचशी म्हणतो, कारण १७, १९, २१ असे विषम आकडेही बाजारात आहेत. तिथे घड्याळवाल्याचे कसब लागते. एक मिलिमीटर जास्त रुंद असलेला मऊ कातड्याचा पट्टा दाबून बसवता येतो. त्याहून जास्त असेल तर पट्ट्याच्या टोकाला दोन्ही बाजूंनी खाचा द्याव्या लागतात. अरुंद पट्टा बसतो सहज, पण तो पिनेवर डावीउजवीकडे सरकतो आणि उघडी पिन वाकण्याची भीती असते. धातूच्या चेनचे आणखी निराळे. तिची टोके डबीच्या गोलाईला चिकटून बसणारी असतात, त्यामुळे रुंदी जुळली तरी वळण जुळेलच असे नाही. चुकीच्या मापाच्या पट्ट्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सिनेमातले आहे. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये जेम्स बाँडच्या मनगटावर रोलेक्स आहे, कानांमधले अंतर २० मिलिमीटर, आणि त्यात पट्टेरी नायलॉनचा पट्टा इतका अरुंद की दोन्ही बाजूंना पिना उघड्या दिसतात. एवढ्या नीटनेटक्या हेराला योग्य मापाचा पट्टा मिळू नये याचे शौकिनांना आजही नवल वाटते.

लष्कराने मात्र स्प्रिंगच्या पिनेवर पुरता विश्वास कधी ठेवला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ब्रिटिश सरकारने एकाच नमुन्यानुसार बारा स्विस कंपन्यांकडून सैनिकी घड्याळे करून घेतली. त्यातल्या बऱ्याच घड्याळांच्या कानांत पक्के दांडे होते, जुन्या तारेच्या कडीसारखेच न निघणारे. कारण साधे आहे: निघू न शकणारी वस्तू निसटत नाही. अशा घड्याळाला एकसंध पट्टाच लागतो. १९७३ मध्ये ब्रिटिश संरक्षण खात्याने त्यासाठी करड्या रंगाच्या, २० मिलिमीटर रुंद नायलॉनच्या पट्ट्याचा नमुना ठरवून दिला. आज तो जगभर 'नाटो पट्टा' म्हणून विकला जातो. नाव पडले ते त्यावरच्या नाटोच्या साठा-क्रमांकामुळे. हा पट्टा दोन्ही दांड्यांखालून जातो, त्यामुळे साध्या पिनेच्या घड्याळाला लावला आणि एक पिन निसटली, तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळत राहते, पडत नाही. म्हणजे तारेच्या कडीतून ओवलेला जुना एकसंध पट्टाच नायलॉनचा होऊन परत आला.

तारेच्या कडीशी माझी स्वतःची गाठ पडली ती आजोबांच्या घड्याळामुळे. ते आहे वेस्ट एंड वॉच कंपनीचे. ही स्विस कंपनी मुंबई-कलकत्त्याच्या बाजारावर वाढलेली, आणि तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नावच 'सोवार', म्हणजे आपला सवार, घोडेस्वार. घड्याळ चालू होते, पट्टा सडला होता. मेलबर्नमधल्या दोन-तीन दुकानांत दाखवले. १८ ते २४ पर्यंतचे शेकडो पट्टे, पण हे घड्याळ १३ मिलिमीटरचे आणि कड्या डाग दिलेल्या. एकाने सुचवले की कड्या कापून नवे कान लावू, म्हणजे कायमची कटकट जाईल. शेवटी एका वृद्ध घड्याळजीने सांगितले की, कड्यांना हात लावू नका, पट्टा जागेवर शिवून घ्या, आणि घ्यायचाच तर कांगारूच्या कातड्याचा घ्या. त्याचे कारणही त्याने समजावले. कांगारूच्या कातड्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर असतात, त्यामुळे ते तासून अगदी पातळ केले तरी गाईच्या कातड्याच्या मानाने पुष्कळ मजबूत राहते. अरुंद कडीतून दुमडून न्यायला पातळ आणि मजबूत, दोन्ही हवे. आता मुंबईच्या बाजारातला सवार कांगारूच्या पट्ट्यावर स्वार आहे.

आपल्या पिढीला ही अडचण कधी आली नाही, कारण आपण एचएमटीवर वाढलो. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेला हा कारखाना. मुंजीत, दहावीच्या निकालाला, लग्नात एचएमटी मिळे. सरकारने २०१६ मध्ये घड्याळांचा तो उद्योग बंद केला, तरी त्या घड्याळांना पट्टा आजही कुठल्याही स्टेशनबाहेरच्या टपरीवर मिळतो. कंपनी गेली, पण कानांमधले अंतर सगळ्यांचे होते, म्हणून घड्याळ अनाथ झाले नाही.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण हा न लिहिलेला करार हळूहळू मोडतो आहे. १९७० च्या दशकात काही महागड्या कंपन्यांनी डबी आणि चेन एकसंध दिसणारी घड्याळे काढली. त्यांना दुसऱ्याचा पट्टा लागत नाही. पण ती थोडी होती. आता तळहातातल्या संगणकाचे जे झाले तेच मनगटावर होत आहे. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आपले घड्याळ आणले ते स्वतःची सरकती खाच घेऊन. तिच्यात बसणारे पट्टे इतर कंपन्याही करतात, दिसतात छान, क्षणात बदलतात. पण ती खाच एका कंपनीची आहे. ती उद्या बदलायची की ठेवायची, हे त्या कंपनीने ठरवायचे. याउलट काही स्मार्ट घड्याळे आजही २० किंवा २२ च्या साध्या पिनेवर चालतात. आतली बॅटरी आणि चिप पाच-सात वर्षांतच म्हातारी होणार असेल तर पट्ट्याची चिंता कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे, आणि माझ्या मते तोच खरा मुद्दा आहे. पट्टा बदलता येण्याची सोय तिथेच लागते, जिथे घड्याळ पट्ट्यापेक्षा जास्त जगेल असे करणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

असो. तुमच्या घरी कपाटात जुने बंद पडलेले घड्याळ असेलच. एक पट्टी घ्या आणि त्याच्या कानांमधले अंतर मोजा. १८ किंवा २० आले तर पट्ट्याची काळजी नाही, आज संध्याकाळी मिळेल. १२-१३ आले आणि कडी हलत नसेल, तर ते घड्याळ पट्ट्यांची मापे ठरण्याच्या आधीचे आहे. ती कडी कोणाला कापू देऊ नका.